ऑस्ट्रेलियातली इंग्रजी : परीक्षा पास झाले, पण चहाच्या सुट्टीतलं बोलणं डोक्यावरून जातं

निशिगंध

नमस्कार मंडळी. व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगोत नर्स म्हणून रुजू होऊन काही महिने झाले. कामापुरत्या इंग्रजीत अडत नाही. हँडओव्हर, औषधांचे डोस, डॉक्टरांशी फोनवर बोलणं, सगळं व्यवस्थित चालतं. आयल्ट्सलाही गुण चांगले होते.

अडतं ते पेशंट गप्पा मारायला लागले की, आणि टीरूममध्ये. परवा आमच्या वॉर्डातले एक शेतकरी आजोबा खिडकीकडे बघत म्हणाले, दुपारी 'चेंज' येणार आहे आणि मुलगा सकाळपासून ट्रकवर आहे. बराच वेळ ते अस्वस्थ होते. त्यांचा प्रत्येक शब्द मला कळला, काळजी नेमकी कशाची हे मात्र कळलं नाही. नंतर सहकारी नर्स येऊन त्यांच्याशी जे बोलली, त्याने त्यांना धीर आला. ते मला बोलता यायला हवं होतं असं फार वाटलं.

शब्दांच्या याद्यांचं एक ॲप रोज करते. त्यातले शब्द ओळखता येतात, पण इथे कुणाच्या तोंडी ते येतच नाहीत. म्हणून ठरवलंय की इथल्या बातम्या आणि इथली संस्कृती यांच्यातूनच शब्द शिकायचे. पण सुरुवात कुठून करू? रोज सगळ्या बातम्या बघायच्या की एखादा विषय धरायचा? शिफ्ट ड्युटीमुळे वेळ थोडा असतो. इथे बरीच वर्षं राहिलेल्यांनी कृपया सांगावं.

कौलारू

क्रिकेट बघत असाल तर तिथून सुरुवात करा. खेळ आपल्याला पाठ असतो, त्यामुळे समालोचनातले अनोळखी शब्दही लगेच जागेवर बसतात. फक्त इथे धावसंख्या उलटी सांगतात, आधी विकेट आणि मग धावा. 'थ्री फॉर वन ट्वेंटी' म्हणजे ३ बाद १२०. एक्स्ट्राजना 'संड्रीज' म्हणतात. मेलबर्नची बॉक्सिंग डे टेस्ट २६ डिसेंबरला सुरू होते. ती रेडिओवर ऐका, टीव्हीवर नको. चित्र दिसत नसलं की समालोचकाला सगळं शब्दांत सांगावं लागतं.

बेंडिगोत आहात म्हणजे हिवाळ्यात 'फूटी'ला पर्याय नाही. व्हिक्टोरियात फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स. सिडनी किंवा ब्रिस्बेनकडचा माणूस फूटी म्हणाला तर बहुधा रग्बी लीग. संघाला पाठिंबा देण्यासाठी इथे 'बॅरक फॉर' म्हणतात. अमेरिकन मालिका बघून आलेले लोक 'रूट फॉर' म्हणतात, ते इथे चुकूनही म्हणू नका, त्याचा अर्थ इथे अश्लील होतो. वॉर्डात तर नाहीच नाही.

सुमेधा_व्ही

निशिगंध, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मी व्हिक्टोरियातल्या एका गावच्या वाचनालयात काम करते आणि तिथला इंग्रजी संभाषणाचा गट बरीच वर्षं चालवते. नवीन आलेल्यांची नेमकी हीच अडचण आमच्याकडे दर आठवड्याला येते.

आधी त्या आजोबांबद्दल. 'चेंज' म्हणजे 'कूल चेंज'. इथे उन्हाळ्यात वाळवंटाकडून, उत्तरेकडून, भट्टीसारखा वारा येतो. मग नैर्ऋत्येकडून थंड हवेची आघाडी येते, वाऱ्याची दिशा फिरते आणि तापमान पटकन उतरतं. शहरातल्या माणसाला हायसं वाटतं. वणवा पेटलेला असेल तर मात्र तीच वेळ सगळ्यात घातकी. उत्तरेच्या वाऱ्यावर आग लांबट पट्ट्यासारखी पुढे सरकत असते आणि तिचं तोंड अरुंद असतं. वारा फिरला की त्या पट्ट्याची आख्खी लांब बाजूच आगीचं तोंड होते. ७ फेब्रुवारी २००९ चा ब्लॅक सॅटर्डे असाच गेला. व्हिक्टोरियात १७३ माणसं दगावली. त्या दिवशी वारा फिरल्यावर काय झालं हे इथल्या ग्रामीण भागातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आजोबांचा मुलगा ट्रकवर, म्हणजे आगीच्या बंबावर होता, तेव्हा बहुतेक सीएफएचा स्वयंसेवक असणार. सीएफए म्हणजे कंट्री फायर ऑथॉरिटी. गावोगावचे शेतकरी, शिक्षक, दुकानदार तिथे बिनपगारी आग विझवायला जातात. दुपारी वारा फिरेल तेव्हा मुलगा कुठल्या बाजूला असेल, हा घोर त्यांना लागला होता.

हे कुठल्याही यादीत मिळणार नाही. 'चेंज' हा शब्द तुम्हाला चौथी-पाचवीपासून येतो. तुमच्याकडे नव्हता तो त्यामागचा उन्हाळा. म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर अगदी ठाम आहे : रोज सगळ्या बातम्या बघू नका. एक घडामोड धरा आणि ती संपेपर्यंत सोडू नका.

कारण सांगते. रोज वेगळी बातमी वाचली की रोज वेगळे शब्द भेटतात आणि उद्या ते पुन्हा भेटत नाहीत. एकाच घडामोडीच्या मागे तीन-चार आठवडे राहिलात तर तेच शब्द पुन्हा पुन्हा समोर येतात, दरवेळी थोड्या वेगळ्या वाक्यात. मुद्दाम पाठांतर करावं लागत नाही.

सध्या उन्हाळा आहे तर वणव्यापासूनच सुरुवात करा, म्हणजे वॉर्डातही उपयोग होईल. एबीसीचं, म्हणजे इथल्या सरकारी प्रसारण संस्थेचं, स्थानिक रेडिओ केंद्र लावा. आपत्तीच्या वेळी अधिकृत इशारे तिथून वाचले जातात. इशाऱ्यांच्या तीन पायऱ्या आहेत : 'ॲडव्हाइस', 'वॉच अँड ॲक्ट' आणि 'इमर्जन्सी वॉर्निंग'. मधल्या पायरीच्या नावात 'वॉच' असलं तरी नुसतं बघत बसायचं नसतं, तिथूनच हालचाल सुरू करायची असते. आग लागण्याआधीच दिवसाचा धोका सांगणारी मोजपट्टी वेगळी. २०२२ च्या सप्टेंबरपासून ती देशभर एकच आहे : 'मॉडरेट', 'हाय', 'एक्स्ट्रीम', 'कॅटास्ट्रॉफिक'. गावाच्या वेशीवर अर्धवर्तुळाकार रंगीत पाटी आणि तिच्यावर बाण दिसतो ना, ती हीच.

आता क्रियापदांकडे बघा, खरी भाषा तिथे आहे. आग 'ब्रेक आउट' होते. तिच्याभोवती 'कंटेनमेंट लाइन' आखतात. वारा वाढला की आग ती रेषा 'जंप' करते. विझल्यासारखी वाटून पुन्हा 'फ्लेअर अप' होते. घरं 'लॉस्ट' होतात. बातमीदार 'बर्न्ट' क्वचितच म्हणतो, 'होम्स हॅव बीन लॉस्ट' म्हणतो. शेवटी धुमसणारी खोडं शोधून विझवायच्या कामाला 'मॉपिंग अप' म्हणतात. २०१९-२० च्या उन्हाळ्याला इथे 'ब्लॅक समर' म्हणतात. त्यात आगीने थेट ३३ माणसं गेली, तीन हजारांहून जास्त घरं गेली. त्यानंतर 'रॉयल कमिशन', म्हणजे सरकारने नेमलेला चौकशी आयोग, बसलं. म्हणजे आणखी एक शब्द, आणि तो पुढे बँका, वृद्धाश्रम, कशाच्याही चौकशीत भेटत राहील. एका घडामोडीतून दुसरीत जायची वाट ही अशी सापडते.

वहीत शब्द एकटा लिहू नका. 'कंटेनमेंट लाइन' लिहिलंत तर शेजारी 'जंप' लिहा आणि ज्या वाक्यात ऐकलंत ते पूर्ण वाक्य लिहा. आणि एक रकाना मोकळा ठेवा, टीरूमसाठी. बातम्यांत 'फायरफायटर' असतो, टीरूममध्ये 'फायरी'. बातम्यांत 'पॅरामेडिक', टीरूममध्ये 'अँबो'. 'पॉलिटिशियन'चा 'पॉली', 'ट्रेड्सपर्सन'चा 'ट्रेडी', 'आफ्टरनून'चा 'आर्वो', पेट्रोल पंपाचा 'सर्वो'. महागाईसाठी 'कॉस्ट ऑफ लिव्हिंग' म्हणतात, त्याचं 'कॉझी लिव्ह्ज' झालं आणि मॅक्वायरी शब्दकोशाच्या समितीने २०२३ चा शब्द म्हणून तेच निवडलं. अर्धी भाषा बातम्यांत आणि अर्धी टीरूममध्ये आहे. नुसत्या बातम्या ऐकून जे बोलतात ते निवेदकासारखं बोलतात. दुसरा रकाना माणसांकडूनच भरावा लागतो. कुणी नवीन शब्द वापरला की तिथल्या तिथे विचारा. इथल्या लोकांना समजावून सांगायला मनापासून आवडतं, निदान माझा तरी तसाच अनुभव आहे.

ऐकणं जड जात असेल तर एबीसीचा 'बिहाइंड द न्यूज' बघा. शाळकरी मुलांसाठीचा बातम्यांचा कार्यक्रम, १९६८ मध्ये सुरू झालेला. मुलांचा म्हणून कमी समजू नका. रिझर्व्ह बँक व्याजदर का वाढवते, रेफरेंडम म्हणजे काय, हे मुळापासून सांगतात. संहिताही मिळते. आधी ऐका, मग वाचा, मग पुन्हा ऐका. ड्युटीच्या आधी चहा होईपर्यंत एक भाग होतो.

प्राची_प

सुमेधा यांचं सगळं पटलं, पण एक वेगळं मत मांडते. वणवा, निवडणूक हे नंतर. नवीन माणसाला आधी लागतात ते पगाराच्या स्लिपवरचे आणि घराच्या करारातले शब्द. 'सुपर' म्हणजे सुपरॲन्युएशन, निवृत्तीसाठी मालकाने भरायचे पैसे, जुलै २०२५ पासून पगाराच्या १२ टक्के. 'बाँड' म्हणजे घरभाड्याची अनामत. 'रेगो' म्हणजे गाडीची नोंदणी. 'फॉर्टनाइट' शाळेत शिकलो होतो, पण इथे पगार, भाडं, सगळंच पंधरवड्याने चालतं. 'बल्क बिलिंग' म्हणजे डॉक्टर सगळे पैसे मेडिकेअरकडून (सरकारी आरोग्य विम्याकडून) घेतात, पेशंटने काही द्यायचं नाही, आणि वर काही द्यावं लागलं तर तो 'गॅप'. हे तुम्हाला कामातून माहीत असेलच. सरकारी हॉस्पिटलात 'सॅलरी पॅकेजिंग'बद्दल, म्हणजे पगाराचा काही भाग कर कापण्याआधीच खर्चासाठी वळवण्याबद्दल, विचारून घ्या, त्यात करापोटी जाणारे पैसे वाचतात.

आधी संसार उभा राहू दे, मग संस्कृती.

सुमेधा_व्ही

प्राची, हे शब्द लागतातच, वाद नाही. पण ते 'आधी' आणि बाकीचं 'नंतर' असं मला वाटत नाही. पगाराच्या स्लिपवरचे शब्दही घडामोडीतूनच पक्के होतात. रिझर्व्ह बँकेची व्याजदराची बैठक वर्षातून आठ वेळा होते. ती संपते त्या दिवशी दुपारी अडीच वाजता निर्णय येतो आणि संध्याकाळपर्यंत सगळा देश 'कॅश रेट', 'होल्ड', 'कट', 'हाइक', 'बेसिस पॉइंट्स', 'मॉर्गेज रिपेमेंट्स' याबद्दल बोलतो. तेच शब्द वर्षातून आठ वेळा. घर घ्यायची वेळ येईपर्यंत ते तुमचेच झालेले असतात.

निशिगंधचा मूळ प्रश्न माणसांशी बोलण्याचा आहे, कागदपत्रांचा नाही. ज्या आजोबांना धीर द्यायचा होता त्यांना 'सुपर' समजून काय होणार? म्हणून मी आग धरली.

आणि पुढची घडामोड म्हणून निवडणूक सुचवते. व्हिक्टोरियाची विधानसभेची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. मतदान सक्तीचं आहे. केंद्राच्या निवडणुकीत तो कायदा १९२४ पासून आहे आणि सबळ कारणाशिवाय मत दिलं नाही तर २० डॉलर दंड. मतपत्रिकेवर फुली मारायची नसते, उमेदवारांना आपल्या पसंतीने क्रमांक द्यायचे असतात. त्यातून शब्दांचं एक आख्खं कुटुंब येतं. पहिल्या पसंतीची मतं म्हणजे 'प्रायमरी व्होट'. शेवटचा उमेदवार बाद झाला की त्याची 'प्रेफरन्सेस' पुढच्यांकडे 'फ्लो' होतात. शेवटी दोन मोठ्या पक्षांत उरलेला हिशोब तो 'टू पार्टी प्रिफर्ड'. विचार न करता वरून खाली एक, दोन, तीन लिहीत जाणं म्हणजे 'डाँकी व्होट'. 'इन्फॉर्मल व्होट' ऐकून अनौपचारिक काहीतरी वाटेल, पण ते आपलं बाद मत. बालेकिल्ला तो 'सेफ सीट', चुरशीचा मतदारसंघ तो 'मार्जिनल सीट'.

मतदान बहुतेक शाळांमध्ये असतं आणि दारात पालक मंडळी शाळेच्या मदतीसाठी सॉसेज भाजून पावात घालून विकतात. तो 'डेमॉक्रसी सॉसेज'. ऑस्ट्रेलियन नॅशनल डिक्शनरी सेंटरने २०१६ चा शब्द म्हणून तो निवडला होता. मत देता येत नसलं तरी त्या शनिवारी एखाद्या केंद्राबाहेर जरूर उभ्या राहा. 'हाऊ टू व्होट कार्ड', म्हणजे कुणाला कितवा क्रमांक द्यावा हे सुचवणारी पत्रकं, वाटणारे प्रतिस्पर्धी पक्षांचे कार्यकर्ते शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांच्या मुलांची चौकशी करत असतात. मला ते दृश्य फार आवडतं.

संसद बसलेली असेल त्या दिवशी दुपारी 'क्वेश्चन टाइम' असतो. स्वतःच्याच पक्षाच्या खासदाराने मंत्र्याला विचारलेला सोयीचा, ठरवून दिलेला प्रश्न म्हणजे 'डोरोथी डिक्सर'. डोरोथी डिक्स या अमेरिकेतल्या सल्ला सदर लिहिणाऱ्या लेखिका, त्यांच्या नावावरून. हा शब्द टीरूममध्ये वापरलात तर लोक चमकून बघतील. आणि एखाद्या पुढाऱ्याचा खर्च सामान्य माणसाला पटण्यासारखा नसेल तर म्हणतात, 'इट डझन्ट पास द पब टेस्ट'. नियमात बसतं का, हा प्रश्न निराळा. गुत्त्यात बसलेल्या चारचौघांना ते रास्त वाटेल का, ही ती कसोटी.

निशिगंध

सुमेधाताई, 'चेंज'चं वाचून अंगावर काटा आला. आता त्या दिवसाचा अर्थ लागला. खूप आभार. प्राची, सॅलरी पॅकेजिंगचं उद्याच विचारते.

आणखी एक विचारायचं होतं. आमच्या मोठ्या बैठका सुरू होताना जा जा वुरुंग लोकांचा, म्हणजे या भागातल्या मूळच्या आदिवासींचा, उल्लेख करून चार वाक्यं बोलतात. पुढच्या महिन्यात ती मला म्हणायची आहेत. नुसती वाचून दाखवायची नाहीत, समजून म्हणायची आहेत. आणि आदिवासी पेशंटशी बोलताना कुठले शब्द जपून वापरायचे?

सुमेधा_व्ही

हे विचारलंत याचा आनंद झाला. तुम्ही जे म्हणणार आहात ते 'ॲक्नॉलेजमेंट ऑफ कंट्री'. ते कुणीही म्हणू शकतं. 'वेलकम टू कंट्री' वेगळं. ते त्या भूमीच्या परंपरागत मालकांपैकीच कुणीतरी करतं, कारण स्वागत घरच्यांनीच करायचं असतं. दोन्हींची अदलाबदल होऊ देऊ नका. इथे 'कंट्री' म्हणजे देश नव्हे. ती जमीन, तिथलं पाणी, झाडं, पूर्वज आणि त्यांच्याशी असलेली जबाबदारी, सगळं मिळून 'कंट्री'. म्हणून त्याआधी 'द' लावत नाहीत, 'ऑन कंट्री' म्हणतात. 'एल्डर्स पास्ट अँड प्रेझेंट' हे शब्द त्यात असतात. 'एल्डर' नुसत्या वयाने होत नाही, समाजाने दिलेला तो मान असतो. एल्डर व्यक्तींना 'आँटी', 'अंकल' म्हणतात, आपल्याकडच्या काका-मावशीसारखंच नात्याबाहेरही. तरी त्यांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय आपण होऊन सुरुवात करू नका.

पेशंटच्या संदर्भात 'सॉरी बिझनेस' माहीत हवा. कुणी गेल्यावरचे शोकविधी आणि त्यासाठी सगळ्यांनी जमणं. त्यासाठी कुणी अपॉइंटमेंट सोडून गेलं तर त्यात बेपर्वाई नसते. मृत व्यक्तीचं नाव घेणं अनेक समाजांत टाळतात. टीव्हीवर कार्यक्रमाआधी सूचना येते बघा, की यात दिवंगत व्यक्तींच्या प्रतिमा आणि आवाज असू शकतात, ती त्यासाठीच. 'मॉब' म्हणजे आपली माणसं, आपला समूह. 'डेडली' कुणी कौतुकाने म्हणालं तर दचकू नका, 'एकदम भारी' असा अर्थ आहे.

'स्टोलन जनरेशन्स'बद्दल आधी वाचा, मग बाकीचं. विसाव्या शतकात कित्येक दशकं आदिवासी मुलांना सरकारी धोरणानुसार आईबापांपासून काढून संस्थांत आणि परक्या घरांत ठेवलं गेलं. १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली. त्या भाषणाची चित्रफीत आणि संहिता दोन्ही मिळतात. साधं, संथ इंग्रजी आहे, नव्याने शिकणाऱ्याला झेपेल असं. तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या वृद्ध बाईला हॉस्पिटलच्या गणवेशाची भीती का वाटते, हे ते ऐकल्यावर कळेल. त्यानंतर १४ ऑक्टोबर २०२३ च्या 'व्हॉइस' सार्वमताकडे या. आदिवासींचं म्हणणं संसदेपुढे मांडणारं मंडळ घटनेत घालायचं का, हा त्यातला प्रश्न होता. सुमारे ६० टक्के लोकांनी 'नो' म्हटलं. घटना बदलायला देशात बहुमत आणि शिवाय सहापैकी किमान चार राज्यांत बहुमत लागतं, ती 'डबल मेजॉरिटी'. या विषयावर लोक अजूनही हळवे आहेत, दोन्ही बाजूंचे. टीरूममध्ये आपण होऊन काढू नका, निघाला तर ऐका.

चार वाक्यांचं म्हणाल तर ती आधी तुमच्या हॉस्पिटलच्या आदिवासी संपर्क अधिकाऱ्यांना म्हणून दाखवा. 'जा जा वुरुंग'चा उच्चार त्यांच्याकडूनच ऐकून घ्या.

कौलारू

सुमेधा, हे सगळं एका जागी कधी वाचलं नव्हतं. निशिगंध, तुमच्या आजोबांच्या मुलासाठी एक भर : आग आटोक्यात आली का, हे सिडनीकडच्या बातम्यांत 'आउट ऑफ कंट्रोल', 'बीइंग कंट्रोल्ड' आणि 'अंडर कंट्रोल' अशा तीन टप्प्यांत सांगतात. मधला टप्पा ऐकून लोक निर्धास्त होतात, तेव्हा 'अंडर कंट्रोल' ऐकेपर्यंत थांबा.

निशिगंध

आजोबा अजून वॉर्डातच आहेत. काल रात्रपाळीला त्यांना विचारलं, 'डिड युअर सन गेट होम बिफोर द चेंज?' ते उठून बसले आणि अर्धा तास बोलले. मुलगा सुखरूप आहे. 'ब्लॅकिंग आउट'साठी पुन्हा गेलाय म्हणाले. सुमेधाताई, हे 'मॉपिंग अप'च का?

सुमेधा_व्ही

हो, तेच काम. सीएफएवाल्यांच्या तोंडी 'ब्लॅकिंग आउट' जास्त असतं. दुसऱ्या रकान्यात लिहून ठेवा.